जजसाहेबांना न्यायला कोणी येईना

११ ऑक्टोबर, शनिवार

लिहायचं लिहायचं म्हणत ही वही उन्हाळ्यापासून नुसती फिरवतोय. लुइझियानात छपरं ठोकत होतो तेव्हा विकत घेतली. मिसिसिपीत कोंबड्यांच्या कारखान्यात होतो तेव्हा बॅगेच्या तळाशी होती. आता अलाबामात परत आलो तरी कोरीच! आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर कंटाळा. खरं कारण हे की सुरुवात कशी करतात तेच ठाऊक नाही. शाळा दहावीत सुटली — म्हणजे मीच सोडली — आणि निबंधात मला कायम शेरा: ‘विषय सोडून भरकटतो.’ बाईंनी माझं भविष्यच लिहून ठेवलं होतं म्हणायचं.

आज बसलो, कारण बातमीच तशी आहे, फुटबॉलची. हॅलोवे हरलं! स्वतःच्या मैदानावर! बावन्न–सात! या मोसमात एकही सामना जिंकलेले नाहीत. त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू फेकतो की टाकून पळतो तेच कळत नाही. शेवटी शेवटी स्टँडमध्ये इतकी कमी माणसं होती की शेंगदाणेवाल्याची हाक टीव्हीवर स्पष्ट ऐकू आली.

मी इतका हसलो की माझ्या घरमालकीणबाई, मिस व्हर्लीन, मागच्या दारात येऊन म्हणाल्या, “रेफर्ड, जीव गेला की काय रे तुझा?”

त्याही आमच्यातल्याच. नदीच्या अलीकडे जन्मलात तर टेन्सॉ स्टेट, म्हणजे बगळे. पलीकडे जन्मलात तर हॅलोवे, म्हणजे खेचरं. त्यात विचार करायचा नसतो. मी टेन्सॉ स्टेटमध्ये एक दिवसही शिकलेलो नाही. त्या कॉलेजच्या फाटकातून आत गेलो तो फक्त मॅचला गाडी लावायला. पण तोंडातून येतं काय, तर ‘आपण जिंकलो.’

एक गोष्ट मात्र खटकली. सकाळी हार्लनच्या रेडिओ कार्यक्रमात ऑडेलचा फोन आला नाही. मागच्या शनिवारीही नव्हता. त्याच्या आधीच्याही.


१२ ऑक्टोबर

पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळांच्या, बागेत काम. झाडाला यंत्राचा चिमटा लावायचा, झाड गदगदा हलवायचं, खाली पडलेलं वेचायचं. दिवसभर झाड हलवून रात्री आपणच हलत राहतो.


१८ ऑक्टोबर, शनिवार

आपण जिंकलो. खेचरं हरली. ऑडेल नाही.

ऑडेलबद्दल लिहायला हवं. ‘फिशर्स बेंडचा ऑडेल’ — आडनाव कधी सांगितलं नाही, चेहरा कधी पाहिला नाही. हार्लन दर शनिवारी सकाळी लोकांचे फोन घेतो, आणि ऑडेल म्हणजे खेचरांचा वकील. आवाज असा की घशात वाळू भरलीय. एकदा मी सहज फोन लावला आणि म्हणालो, खेचराला ना बापाचं नाव ना पोराची आशा, ते कसलं जिंकतंय! त्यावर ऑडेल शांतपणे म्हणाला, “हार्लन, हे चिखलात एका पायावर उभं राहून बेडूक गिळणारं पाखरू. याला आधी सांग, पाय धुवून ये. मग मोठ्या माणसांत बोल.”

तेव्हापासून आमचं जुंपलं ते जुंपलंच. मी टेक्सासात असो, फ्लोरिडात वादळानंतर झाडं उचलत असो, जत्रेतल्या पाळण्यावर तिकिटं फाडत असो — शनिवारी सकाळी फोन लावायचा. हार्लन म्हणायचा, “लाइनवर आहे रेफर्ड, आज देवालाच ठाऊक कुठून!” आणि मी काही बोललो की पाठोपाठ ऑडेल. शेवट ठरलेला — “पाय धुवून ये, बगळ्या.”

माझा पत्ता आईलाही माहीत नसायचा. ऑडेलला असायचा.

आज हार्लनच म्हणाला, “ऑडेल, बाबा, ऐकत असशील तर फोन कर. हरल्यावर तोंड लपवायचं नसतं.” कोणी फोन केला नाही. त्याऐवजी एका बाईनं केला, तिला हरवलेल्या कुत्र्याबद्दल सांगायचं होतं.


२६ ऑक्टोबर, रविवार

काल खेचरं हरली. हसलो नाही. म्हणजे हसलो, पण मिस व्हर्लीनना ऐकू जाईल इतकं नाही.

काय होतंय मला? लहानपणापासून मागत होतो ते हेच ना? खेचरांनी धूळ खावी! आता खातायत तर माझ्या घशात ती धूळ कशाला?

टॉली म्हणतो, “तू मूर्ख आहेस लेका. त्यांचं कॉलेज डिसेंबरात ठरवणार आहे, फुटबॉल ठेवायचा की बंद करायचा. बंद झाला तर उत्तमच. कायमचे जिंकलो!”

टॉली म्हणजे टॉलिव्हर, माझा मावसभाऊ. त्याच्याकडे ट्रक आहे, गुरं न्यायचा ट्रेलर आहे, आणि मत तर प्रत्येक गोष्टीवर आहे.

मी म्हटलं, “मग थँक्सगिव्हिंगच्या शनिवारचा आपला दरवर्षीचा सामना खेळायचा कुणाशी?”

“कुणाशीही. संघ काय कमी आहेत?”

कुणाशीही! बायको गेली तर ‘कुणाशीही’ लग्न करणारातला हा. त्याची खरंच गेलीय, म्हणून तोंडावर बोललो नाही.


२ नोव्हेंबर, रविवार

काल हॅलोवे पुन्हा गेलं. आज काम नव्हतं म्हणून पूल ओलांडून फिशर्स बेंडला गेलो. म्हटलं, सहज बघू ऑडेल कोण आहे. टोपी बगळ्यांची होती, ती गाडीतच ठेवली.

गळ-आमिषाच्या दुकानात शिरलो. तिथं खारवलेले उकडलेले शेंगदाणे मिळतात, ते घेतले. मग मालकाच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं ते बघत बसलो. मग त्याचा मेहुणा आला, त्यानं मगरीची गोष्ट सांगितली, ती फार लांबली. निघताना आठवलं आपण आलो कशाला.

“ऑडेल?” मालक म्हणाला, “ऑडेल इथे तीन. एक वारला, एक वेडाय, एक मी.”

“रेडिओवर बोलतो तो.”

“हां, तो होय! तो वेडा. नदीच्या वळणावर राहतो. पण शनिवारी गाठू नकोस बुवा. शनिवारी पहाटेच कुठंतरी जातो, रात्री परततो. गळून गेलेला असतो. हल्ली बोलतही नाही कुणाशी.”

मी वळणापर्यंत गेलो. घर दिसलं. ओसरीवर खेचराचं लाकडी मुंडकं टांगलेलं. आत गेलो नाही. काय सांगणार होतो? की मी बगळा, तब्येत विचारायला आलोय?

शनिवारी पहाटे जाऊन रात्री गळून परतणारी माणसं कुठं जातात? दवाखान्यात जातात. माझे आजोबा जायचे तसेच, रक्त धुवायला.

उरलेले शेंगदाणे खाववेनात.


८ नोव्हेंबर, शनिवार

ऑडेल नाही. मी फोन लावला, पण लाइनवर आल्यावर बोलायलाच सुचेना. हार्लन म्हणाला, “रेफर्ड, आज पाखराची चोच बंद कशी?” मी म्हटलं, समोरून उत्तर येत नाही तर टोमणा मारायचा कुणाला? भिंतीला?

लोक हसले असतील. हसू देत.


१५ नोव्हेंबर

हरले. बासष्ट–शून्य. टीव्ही मध्येच बंद केला.


२३ नोव्हेंबर, रविवार

केलं! बापरे, केलं!

नीट क्रमानं लिहितो. सामन्याच्या आठवड्यात समोरच्यांची निशाणी पळवायची, ही आमच्या आजोबांच्याही आधीची पद्धत. ते आमच्या स्टेडियमच्या दारातला लाकडी बगळा पळवतात. आम्ही त्यांचं खेचर — खरंखुरं, जिवंत. नाव ‘जज’. सगळे जजसाहेबच म्हणतात, कारण चेहराच तसा आहे, तुमचं म्हणणं ऐकून घेतोय पण निकाल आधीच ठरलाय असा. पळवलं की जपायचं, खाऊपिऊ घालायचं, केसाला धक्का लावायचा नाही. कुठं लपवलं ते सांगायचं नाही. शोधणं त्यांचं काम. सापडलं की ते घोळक्यानं येतात, मोठ्ठं पातेलंभर रस्सा आणतात, तुमच्या फाटकात त्यांचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. तोवर चोरानं टोपी हातात घेऊन उभं राहायचं. मग खेचर परत द्यायचं आणि सगळ्यांनी बसून रस्सा खायचा. सामना सुरू व्हायच्या आत निशाणी परत गेलीच पाहिजे. कधी गेली नाही असं झालेलंच नाही.

पूर्वी या आठवड्यात त्यांच्या तबेल्याभोवती तंबू पडायचे. शेकोट्या, पोरं, पोरी, बँड, पाण्याचे पाइप घेऊन पहारा. टॉलीच्या बापाला त्यांनी एकदा गुळाच्या काकवीनं न्हाऊ घातलं होतं. त्या दिवसापासून तो पॅनकेकला हात लावत नाही.

मीच टॉलीला म्हटलं, चल. मनात एकच — जजसाहेब गेले म्हटल्यावर ऑडेल गप्प बसणार नाही. मरणाच्या दारात असला तरी फोन करेल.

आम्ही दोरखंड घेतले, तोंडं काळी केली, चर्चच्या वेळेला पोचलो. आणि तिथं — कोणी नाही. एक तंबू नाही. पहारा राहू दे, कुलूपसुद्धा नाही! दाराला नुसती कडी. आत जजसाहेब एकटे, भिंतीकडे तोंड करून. पाणी होतं, पण त्यावर पानं तरंगत होती.

टॉली कुजबुजला, “सापळा असणार. कुठूनतरी काकवी येणार बघ.”

आली नाही. जजसाहेब दोरीशिवाय मागोमाग आले, आपल्या पायांनी ट्रेलरमध्ये चढले. दिवसाढवळ्या गावातून आलो, सिग्नलला थांबलो. शेजारच्या गाडीतल्या बाईनं आमच्या काळ्या तोंडांकडे पाहिलं, खेचराकडे पाहिलं आणि काच वर केली.

टॉली सगळ्या वाटेनं ओरडत होता, “इतिहास घडवला लेका!”

मला मात्र मेलेल्या माणसाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं.


२४ नोव्हेंबर, सोमवार

मिस व्हर्लीनच्या जुन्या शेडमध्ये ठेवलंय. त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. “देखणं आहे हो,” म्हणाल्या, “खेचर असून.”

दिवसभर कान रस्त्याकडे. कोणी आलं नाही. आपल्याकडे बातमी अर्ध्या दिवसात फुटते, प्रत्येकाचा एक तरी मेहुणा पलीकडे असतोच. टॉलीनं तर न्हाव्याकडे, पेट्रोलपंपावर आणि चर्चच्या पार्किंगमध्ये बढाई मारलीय. तरी कोणी नाही.

जजसाहेबांनी गवताला तोंड लावलं नाही.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

कोणी नाही. गवत तसंच. ओट्स दिले, हुंगून मान फिरवली. गाजर दिलं. सफरचंद दिलं. मक्याची भाकरी दिली. मिस व्हर्लीननी पेकनचा गोड ‘पाय’ दिला — माझ्या वाट्याचा! निकाल एकच: फेटाळण्यात येत आहे.

पाणी थोडं प्याले. थोडंच.

शेवटी न राहवून हॅलोवे कॉलेजला फोन लावला. हे नियमात बसत नाही, चोरानं फोन करायचा नसतो. एक बाई बोलल्या. आवाज थकलेला, पण गोड.

“तुमचं खेचर माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. आवाज जरा जाड केला.

“कुठलं खेचर, बाळा?”

“जज! तुमचा जज!”

“अगंबाई. तो तबेल्यात नाही का?”

रविवारपासून! रविवारपासून तबेला रिकामा आहे आणि हिला ठाऊक नाही!

मग त्यांनी सांगितलं. गुराढोरांचा विभाग वसंतातच बंद झाला. सांभाळणारा माणूस सोडून गेला. जोडीला एक म्हातारी घोडी होती, ती उन्हाळ्यात मेली. तबेला पाडून गाड्या लावायची जागा करणार आहेत. “त्याला पुढच्या आठवड्यात लिलावाचा ट्रक न्यायला येणार होता,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे आहे तर तिकडूनच पाठवता का? आम्हाला सोयीचं पडेल.”

लिलावातून म्हातारी जनावरं कुठं जातात ते मला माहीत आहे. टेक्सासात असताना ते ट्रक सीमेपलीकडच्या कत्तलखान्यांकडे जाताना पाहिलेत. परत येताना रिकामे असतात.

“बाई,” मी म्हटलं, “तुम्ही कोणीतरी न्यायला या हो. गाणं म्हणायला पाहिजे.”

त्या हळूच म्हणाल्या, “कोण येणार, बाळा?”


२६ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाई आल्या, गुरांच्या. पोटाला कान लावला, हिरड्या दाबून पाहिल्या. म्हणाल्या, “आजार नाही. जोडीदार गेला, जागा बदलली. ही जनावरं कळपातली. एकटी पडली की खाणं सोडतात. असंच चाललं तर पोटात पीळ पडेल, आणि या वयात पीळ पडला तर मग...”

“मग काय करू?”

“सोबत कर.”

सोबत! मी! माझ्या हातून कॅक्टस मेलाय.

खुर्ची शेडमध्ये आणलीय. तिथंच लिहितोय. जजसाहेब माझ्याकडे पाठ करून उभे. मध्येच एक कान मागे वळतो, मी काही बोललो तर. म्हणून बोलत राहतो. त्यांना खेचरांचे जुने सामने सांगितले, त्यांनी आम्हाला हरवलेले. मैदानावर शेवटच्या मिनिटाला पावसात मारलेली ती किक, जिच्यानंतर मी खोलीत जाऊन दार लावून रडलो होतो — तीही सांगितली. सगळे तपशील लख्ख आठवतात! आमचे जिंकलेले इतके आठवत नाहीत. ही काय गंमत आहे?

टॉली येऊन म्हणाला, “शनिवारी संध्याकाळी सामना झाला की निघायचंय ना तुला? टेक्सासातलं काम सोमवारी सुरू. ट्रेलर मला परत पाहिजे. याला लिलावाला सोडून येऊ.”

मी म्हटलं, बघू.

“बघू काय बघू! तुझं आहे का ते?”

“तुझ्या काकवीवाल्या बापाला विचार,” मी म्हटलं, “पाहुणा उपाशी ठेवून लिलावात सोडायची पद्धत आपल्यात कधीपासून?”

टॉली चिडून गेला. जाताना गवताची पेंढी मात्र आत ठेवून गेला. आहे तसा बरा.


२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

मिस व्हर्लीननी टर्की भाजली. टेबलावर दोघंच. प्रार्थनेत त्यांनी आपल्या बगळ्यांसाठी मागितलं, पाऊसपाण्यासाठी मागितलं. मग म्हणाल्या, “आणि देवा, शेडमधल्या त्या पाहुण्याच्या माणसांना थोडी लाज दे.”

ताट घेऊन शेडमध्ये गेलो. जजसाहेबांसमोर बसून जेवायचं म्हणजे अपराध्यासारखं वाटतं. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्यात का? की उजेडच तसा आहे? हात लावून पाहिला. दिसायला लागल्यात.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजची संध्याकाळ शेवटची. रीतीनं आजपर्यंत यायला हवं होतं.

दर गाडीच्या आवाजाला उठत होतो. एक वळली फाटकात. टोपीसुद्धा हातात घेतली. पत्ता चुकलेला होता. पाय मोडलेली खुर्ची विकत घ्यायला आला होता कोणीतरी, पलीकडच्या घरी.

मिस व्हर्लीननी रस्सा करून ठेवलाय. “आलेच आणि पातेलं नसलं त्यांच्याकडे, तर शरमायला नको,” म्हणाल्या. उलटी गंगा! चोरांनी रस्सा शिजवायचा!

सकाळपासून पाणीही नाही. मी ओंजळीत धरलं तर ओठ ओले केले फक्त. जनावराचा डोळा इतका मोठा असतो आणि त्यात आपण इतके लहान दिसतो.

आमचं गाणं म्हणून पाहिलं त्यांच्यासमोर. रागावतील, निदान लाथ तरी मारतील. काही नाही. मग त्यांचं म्हणून पाहिलं. खेचरांचं! या तोंडानं! पहिली ओळ आली, पुढची आठवेना. माझ्या बापाला कळलं तर थडग्यात कूस बदलेल. पण कान — शपथेवर सांगतो — कान जरासा हलला. की माशी होती?

झोप नाही.


२९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

आत्ताच नियम मोडला. मोठा.

हार्लनचा कार्यक्रम सुरू झाला तसा फोन लावला. सामन्याचा दिवस, लाइनी तुंबलेल्या, किती वेळ त्यांचं ते वाजंत्री ऐकत होतो. शेवटी — “लाइनवर आहे रेफर्ड! आज कुठून?”

“घरून,” मी म्हटलं. हा शब्द या कार्यक्रमात मी पहिल्यांदाच वापरला.

मग मी सगळं सांगितलं. की जजसाहेब माझ्याकडे आहेत. मोठ्या रस्त्यावरून पेकनच्या बागेकडे वळायचं, जुन्या कापसाच्या गोदामापासून उजवीकडे, निळी टपालपेटी, मागची शेड. चोरानं स्वतः पत्ता सांगितला असं कधी झालं नसेल! हार्लन म्हणत होता, अरे अरे अरे. मी म्हटलं, “ते खात नाहीत, पाणी पीत नाहीत. आठवडाभर कोणी आलं नाही. कॉलेजला ते हवेसे नाहीत. पण नदीपलीकडे कोणीतरी एक जण असेल ना! एक जरी असला तरी ये बाबा. पातेलं नको. गाणं अर्धं आलं तरी चालेल.”

जाहिरातीची वेळ झाली होती, हार्लननं ती लावली नाही.

मग मी म्हटलं, “आणि ऑडेल, तू दवाखान्यात असशील तर... तर नर्सला आवाज मोठा करायला सांग. मी पाय धुतलेत.”

फोन ठेवला. त्यानंतर हार्लननं तीन फोन घेतले, तिघंही मलाच शिव्या देत होते. दोन आमचेच. बगळ्यांच्या नावाला काळिमा म्हणे!

टॉलीचा निरोप: ‘तुला वेड लागलंय. सामना संपला की ट्रेलर घेऊन येतो.’

जजसाहेब बसलेत. उभं राहणारं जनावर बसलं की मला भीती वाटते. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या पलीकडच्या गावात आहेत. येतो म्हणाल्या, पण स्टेडियमकडे जाणाऱ्या गाड्यांनी सगळे रस्ते भरलेत.

रस्त्यावरून आमचे निळे झेंडे जातायत. भोंगे, गाणी. सगळ्यांना ठाऊक आहे आज आपण जिंकणार. मी टेकलो शेडच्या भिंतीला. मला जिंकायचं नाहीये आज. लिहून टाकलं. पान फाडावं का?


त्याच दिवशी

उभ्यानं लिहितोय, मिस व्हर्लीन खिडकीतून ओरडतायत, “आधी फाटक उघड, मग लिही!”

बस आलीय. पिवळी, शाळेची जुनी, कॉलेजची ती मोठी बस नव्हे. आडवी लावलीय, मागे निळ्या झेंड्यांच्या गाड्या तुंबून भोंगे मारतायत. आतून पोरं उतरतायत — उतरतच आहेत! — गळ्यात टाय, सगळे दारासारखे रुंद. हॅलोवेचा अख्खा संघ! यांना आत्ता स्टेडियमवर असायला हवं! एकानं हेल्मेट उलटं धरलंय, प्रत्येक जण आपल्या डब्यातलं सफरचंद त्यात टाकतोय. आणि गाणं सुरू केलंय. निम्म्यांना शब्द येत नाहीत. बेसूर, भयंकर बेसूर!

जजसाहेब उभे राहिले. स्वतःच. दोन्ही कान ताठ.

पोरांना हातवारे करून शब्द सांगणारा तो बसचा ड्रायव्हर आहे. ठेंगणा, पांढऱ्या केसांचा, दवाखान्यातला मुळीच दिसत नाही. शनिवारी पहाटे निघून रात्री परत — संघाची बस चालवत होता हा, फोन कुठून करणार! गाणं मध्येच सोडून त्यानं फाटकावर थाप मारली आणि वाळू भरलेल्या आवाजात ओरडला —

“बघू रे बगळ्या, पाय दाखव!”

ऑडेल आलाय. टोपी कुठं ठेवली मी? ती हातात घ्यायला हवी.